वरचं दूध, अंगावर गांधी आणि रक्ताचा रिपोर्ट

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या घरांत बाळाला आईखेरीज दुसरं दूध द्यायला लागलो की 'वरचं दूध सुरू केलं' म्हणतात. ते गायीचं असो, म्हशीचं असो, डेअरीच्या पिशवीतलं असो की डब्यातली पावडर. मग एखाद्या दिवशी दूध पिता पिता बाळाच्या तोंडाभोवती लाली येते, अंगावर गांधी उठतात, भडाभडा उलटी होते. घरात लगेच दोन वाक्यं ऐकू येतात: 'याला दूध पचत नाही' आणि 'शेळीचं देऊन पाहा'. दोन्ही मायेपोटीच बोलली जातात, पण ॲलर्जी असेल तर दोन्ही चुकीची आहेत.

न पचणं हा दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा प्रश्न. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात. गांधी उठत नाहीत. ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजून बसते. गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. उरलेल्या भागात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन येतं, जे आईच्या अंगात मुळात तयारच होत नाही. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक ॲलर्जिक बाळांना तीही बाधतात. 'ए-टू' दुधानेही ही ॲलर्जी टळत नाही.

आता तपासणीकडे येऊ. पण सुई टोचण्याआधी एक गोष्ट नीट समजली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुधाची ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. पहिली झटपट येणारी: दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. दुसरी सावकाश येणारी: काही तासांनी किंवा दिवसांनी शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, जुलाब चालू राहतात, वजन वाढत नाही. तिच्यात आयजीईचा संबंध नसतो. प्रयोगशाळेतली रक्ततपासणी आयजीई मोजते, म्हणून दुसऱ्या तऱ्हेच्या बाळाचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि त्रास मात्र खराच असतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: किती दूध दिलं, किती वेळाने काय झालं, दर खेपेला होतं का? दुधाचा हिशोब आपण कॅलेंडरच्या ज्या चौकोनात लिहितो, तिथेच हेही लिहून ठेवावं. डॉक्टरांना त्या नोंदीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

झटपट तऱ्हेचा संशय असला तर रक्त घेतात. शिरेतून दोन-तीन मिली पुरतं. उपाशीपोटी यावं लागत नाही. खाजेचं औषध चालू असलं तरी या चाचणीला फरक पडत नाही. रक्त गोठलं की यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढतात. आपल्या भागातून असे नमुने बहुतेकदा थंड डब्यात मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबकडे जातात.

तिथे एका स्पंजासारख्या बारीक टोपीवर दुधाची प्रथिनं घट्ट चिकटवलेली असतात. तिच्यावर सीरम सोडतात. बाळाच्या रक्तात दुधाविरुद्धचं आयजीई असेल तर ते प्रथिनांना धरून बसतं. बाकीचं धुऊन जातं. मग आयजीईलाच चिकटणारं, एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड घालतात. शेवटच्या द्रावणाने ते चमकतं. चमक जितकी जास्त तितकं आयजीई जास्त. हे आयजीई अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली शोधलं. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनीही ते स्वतंत्रपणे ओळखलं, आणि १९६८ साली त्याचं नाव ठरलं. सुरुवातीला ते मोजायला किरणोत्सारी पदार्थ लागत.

रिपोर्टवर आकडा येतो 'किलोयुनिट प्रति लिटर' मध्ये. ०.३५ च्या वर गेला की जुन्या प्रथेप्रमाणे 'पॉझिटिव्ह' म्हणतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने दुधाची ओळख शत्रू म्हणून नोंदवली आहे, एवढंच. दूध प्यायल्यावर काहीच होत नाही अशा मुलांतही हा आकडा सापडतो. परदेशी रुग्णालयांतल्या मुलांवरून काही सीमा ठरल्या: अगदी लहान बाळांत ५, मोठ्या मुलांत १५. त्यापुढे ॲलर्जी खरी असण्याची शक्यता फार जास्त. आकडा वाढला म्हणजे पुढची रिॲक्शन तितकीच जोराची येईल, असं मात्र नाही. कमी आकड्याच्या बाळालाही दम लागू शकतो.

काही तपासण्यांवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं 'टोटल आयजीई' जंतांमुळेही वाढतं, आणि आपल्याकडे जंत काही दुर्मिळ नाहीत. अन्नाची 'आयजीजी' (दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी फक्त ते अन्न खाल्लं आहे एवढंच दाखवते. आणि एकाच रक्तात पन्नास पदार्थ तपासणारी पॅनेलं घरात घबराट पसरवतात. मग दूध, गहू, शेंगदाणे सगळंच बंद होतं आणि बाळ वाळतं.

त्वचेची चाचणी स्वस्त आणि जलद असते: हातावर दुधाच्या अर्काचा थेंब, हलकी टोचणी, १५ मिनिटांनी मोजमाप. गांधी ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी उठली तर पॉझिटिव्ह. मात्र खाजेचं औषध काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं.

शेवटचा निर्णय दूधच देतं. दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद, बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टर आईलाही दूध-दही-पनीर सोडायला सांगतात. अंगावर पाजणं मात्र थांबवायचं नाही. त्रास थांबला की पुन्हा दूध देऊन पाहतात. झटपट तऱ्हेत, किंवा पूर्वी दूध दिल्यावर काही तासांनी वारंवार उलट्या होऊन बाळ गळून गेलं असेल तर, हे रुग्णालयातच करावं. सुरुवात थोड्याशा दुधाने, मग ठरावीक वेळाने मात्रा वाढवत. जवळ ॲड्रेनालिनचं इंजेक्शन तयार. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभाग आहे. तिथे आधी विचारून घ्यावं. घरी कधी श्वास अडला, ओठ सुजले, बाळ लुळं पडलं तर थेट १०८.

बहुतेक मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत दूध सोसू लागतात, काही जण भट्टीत भाजलेली दुधाची बिस्किटं त्याआधीच. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टर पुन्हा तपासतात. जुना रिपोर्ट टाकू नका. शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या, म्हणजे आकडा खरंच उतरतोय का ते कळेल आणि पुढचा घोट कधी द्यायचा हे ठरवता येईल.