अव्यक्त गर्भ आणि वैद्याची जागरूकता

गर्भिणी परिचर्येचा विचार आपण बहुधा स्त्रीने ‘दिवस राहिले’ असे सांगितल्यानंतरच सुरू करतो. नाडी पाहिली जाते, मासानुमासिक पथ्याचा कागद हाती दिला जातो, घरातील वडीलधारी मंडळी डोहाळे विचारू लागतात. परंतु गर्भाच्या घडणीचा सर्वांत नाजूक काळ ही वार्ता घरात कळण्यापूर्वीच सुरू झालेला असतो आणि पुष्कळदा संपतही आलेला असतो. म्हणून गर्भिणीची काळजी ही वार्ता येण्याआधी कशी सुरू करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गर्भाच्या घडणीचा क्रम

चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रथम मासातील गर्भाचे वर्णन ‘अव्यक्तविग्रह’ असे आले आहे. त्याचे अवयव एका अर्थी आहेत आणि एका अर्थी नाहीत, असे आचार्य सांगतात. सुश्रुताचार्य या अवस्थेस ‘कलल’ म्हणतात. दुसऱ्या मासात गर्भ घन होतो आणि तिसऱ्या मासात दोन हात, दोन पाय व शिर यांचे पाच पिंड प्रकट होतात, असा त्यांचा क्रम आहे. कोणता अवयव प्रथम उत्पन्न होतो, हा वाद चरकसंहितेत रंगला आहे. कुणी शिर म्हटले, कुणी हृदय, कुणी नाभी. अखेरीस सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात, हे धन्वंतरींचे मत ग्राह्य मानले गेले.

आधुनिक गर्भशास्त्र अवयवांच्या प्रकट होण्याचा क्रम अधिक बारकाईने सांगते. गर्भधारणेपासून सुमारे २२व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू व मेरुरज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात ती नलिका सुमारे २८व्या दिवसापर्यंत मिटते. हातापायांचे अंकुर चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. आठव्या आठवड्याच्या अखेरीस जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीच्या त्या देहात बहुतेक सर्व प्रमुख अवयवांची पायाभरणी झालेली असते. क्रमाविषयी मतभेद असले, तरी सर्व देहाचा आराखडा अगदी अल्प काळात आखला जातो, या मुद्द्यावर दोन्ही शास्त्रे परस्परांच्या जवळ येतात.

कालगणनेतील फरक

येथे एक व्यावहारिक घोटाळा टाळावयास हवा. प्रसूतितज्ज्ञ गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संहितांमधील मास गर्भधारणेपासून धरले, तर दोन्ही गणनांत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर पडते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘सहा आठवडे’ लिहिलेले असेल, तर गर्भधारणेस चारच आठवडे झालेले असतात. म्हणजे शास्त्रातील पहिला मास तेव्हा नुकताच संपत असतो आणि मेरुनलिका मिटण्याचा क्षणही तोच असतो. नियमित पाळी असलेल्या स्त्रीची पाळी चुकल्यापासून हा क्षण अवघ्या दोन आठवड्यांवर असतो. पाळी चुकल्याचे लक्षात येणे, घरात सांगणे, दवाखान्यात येणे, यांत हे दोन आठवडे सहज निघून जातात.

‘पाळी लांबली आहे’

याच काळात पुष्कळ स्त्रिया आपल्याकडे येतात, पण गर्भिणी म्हणून नव्हे. ‘पाळी लांबली आहे, काहीतरी द्या’, अशी त्यांची तक्रार असते. अशा वेळी रजःप्रवर्तनी वटीकडे हात जाणे स्वाभाविक आहे. कोरफडीचा घन, कासीस, हिंग व टंकण यांची ही वटी आर्तव प्रवृत्त करण्यासाठीच योजलेली आहे. म्हणूनच विवाहित असो वा अविवाहित, गर्भाची शक्यता असलेल्या स्त्रीची मूत्रतपासणी केल्यावाचून असे औषध देऊ नये. तपासणी नकारात्मक आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करावी. हाच नियम तीक्ष्ण रेचकांना आणि पंचकर्मालाही लागू आहे. पचनाची तक्रार घेऊन आलेल्या तरुण स्त्रीस विरेचन योजताना शेवटच्या पाळीची तारीख केसपेपरवर लिहिलेली असलीच पाहिजे.

आहार

चरकाचार्यांनी पहिल्या मासात साधे दूध, दुसऱ्या मासात मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले दूध आणि तिसऱ्या मासात मध व तूप घालून दूध सांगितले आहे. सुश्रुताचार्य या तीन मासांत मधुर, शीत व द्रवप्राय आहाराचा पुरस्कार करतात. ज्या काळात अन्नावर वासना नसते आणि घास पोटात ठरत नाही, त्या काळासाठी ही योजना किती विचारपूर्वक केलेली आहे, हे चिकित्सकास सहज पटेल. दूध उकळलेलेच असावे. मध व तूप विषम प्रमाणात असावे आणि मध गरम दुधात घालू नये. मधुमेह असलेल्या स्त्रीस हा क्रम जसाच्या तसा देऊ नये.

मात्र एका गोष्टीची पूर्तता दुधाने होत नाही, आणि ती म्हणजे फॉलिक आम्ल. मेरुनलिकेच्या दोषाचे अपत्य आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून हे द्रव्य दिल्यास पुन्हा तसे अपत्य होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले. पालक, मेथी, मसूर, हरभरा यांत ते असते, पण शिजविताना बरेच नष्ट होते. यासाठी अपत्येच्छू स्त्रीने गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. पूर्वी असे अपत्य झालेल्या किंवा अपस्माराची औषधे चालू असलेल्या स्त्रीची मात्रा तज्ज्ञाने ठरवावी. गर्भाच्या भावांपैकी ‘रसज’ भाव मातेच्या आहाररसावर अवलंबून असतो, हे मानणाऱ्या वैद्याने ही गोळी लिहून देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ओकारीसाठी उठल्याबरोबर साळीच्या लाह्या, थोड्या थोड्या वेळाने लाजामंड, डाळिंबाचे दाणे किंवा मोरावळा आणि आल्याचा लहानसा तुकडा एवढ्याने बहुतेकींना बरे वाटते. पाणीही ठरत नसेल, लघवी अगदी कमी होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये.

विहार

उपवास, अतिश्रम, भारवहन, रात्रीचे जागरण, वेगविधारण, शोक व भय हे वाग्भटाचार्यांनी गर्भिणीस वर्ज्य सांगितले आहेत. आपल्याकडे हरितालिकेचा निर्जळी उपवास याच काळात येऊ शकतो. ‘देवाचे आहे, मोडू नये’ म्हणणाऱ्या सासूबाईंना हे वर्ज्य वैद्याने स्वतः समजावून सांगावे. सुनेने ते सांगणे घरात शोभत नाही, असे अजूनही अनेक ठिकाणी मानले जाते.

मिशरीची विचारपूस अवश्य करावी. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास नकार देणारी स्त्री रोज दोनदा मिशरी लावत असते, कारण तिच्या लेखी ते दंतमंजन असते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

औषधविचार

गर्भिणीच्या व्याधीवर मृदु, मधुर, शीत व सुकुमार उपचार करावेत, वमन, विरेचन, शिरोविरेचन व रक्तमोक्षण टाळावे, ही चरकाचार्यांची आज्ञा स्पष्ट आहे. रसौषधींच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण घातक आढळले आणि त्या सर्व भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या, अशी नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केली. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते. तेव्हा पहिल्या तीन मासांत नाग, पारद, सोमल यांचे कल्प देऊ नयेत आणि घटकद्रव्यांची नोंद नसलेली पुडी कुणासही देऊ नये.

पुंसवनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. गर्भाचे लिंग बीजसंयोगाच्या क्षणीच ठरते. ‘मुलगा होण्यासाठी’ म्हणून त्यानंतर दिलेल्या औषधाने ते बदलत नाही, उलट अवयव घडत असताना गर्भावर नको ते द्रव्य लादले जाते. असे आश्वासन देणे वा त्याची जाहिरात करणे १९९४ च्या व २००३ मध्ये सुधारित झालेल्या लिंगनिवड प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

विलंब न करण्याची लक्षणे

अंगावर जाणे, ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना, खांद्यात कळ, चक्कर येऊन पडणे, ताप, यांपैकी काहीही असल्यास गर्भस्थापन योगांची वाट न पाहता स्त्रीस तातडीने प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवावे. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल, तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. प्रकृती उत्तम असली, तरी बारा आठवड्यांच्या आत नावनोंदणी आणि हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तशर्करा, थायरॉइड या तपासण्या व्हाव्यात.

उपसंहार

तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे, तशी गर्भिणीची काळजी घ्यावी, अशी उपमा चरकसंहितेत आहे. या उपमेत पात्र जपण्याची जबाबदारी ते वाहून नेणाऱ्यावर आहे. सहा महिने ऊसतोडीवर राहून डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीस ‘ओझे उचलू नका’ असे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. तिच्या नवऱ्याशी, मुकादमाशी आणि गावातील आशाताईंशी बोलणे हाही चिकित्सेचाच भाग होय. पात्र भरलेले आहे, हे कुणासही ठाऊक नसते तेव्हाच ते सांडण्याचे भय सर्वाधिक असते. त्या काळात आपल्या ओट्यावर येणाऱ्या प्रत्येक तरुण स्त्रीस शेवटच्या पाळीची तारीख विचारणारा वैद्य गर्भिणी परिचर्येस योग्य वेळी आरंभ करतो.