विमानाच्या इंजिनाची ऊब

अलास्कात हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. १९२० नंतरच्या दशकात तेथील वैमानिक विमान उतरताच इंजिनातील ऊन तेल डब्यात काढून घेत व रात्रभर घरात ठेवीत. सकाळी इंजिनावर जाड कापड पांघरून त्याखाली स्टोव्ह पेटवीत, आग लागू नये म्हणून जवळ उभे राहत आणि मग तापविलेले तेल पुन्हा भरीत.

हा खटाटोप कशासाठी? थंडीने तेल घट्ट होते व बेअरिंगांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. शिवाय ॲल्युमिनियमचे कवच पोलादी क्रँकशाफ्टच्या सुमारे दुप्पट आकुंचन पावते. त्यामुळे मधली फट अरुंद होते. अशा वेळी सुरू केलेले इंजिन पहिल्या काही क्षणांतच झिजते, आणि त्याचा धोका पुढे आकाशात भोवतो. आज विजेवर तापणाऱ्या पट्ट्या हे काम करतात. तथापि केवळ तेल तापवून भागत नाही. ऊब संपूर्ण इंजिनात मुरावी लागते.