डॉक्टरांचे कान आणि रोग्याचा वर्ण

वैद्याजवळ साधनें कितीही असोत, निदानाचा आरंभ रोग्याच्या बोलण्यापासूनच होतो. कोठें दुखतें, किती दुखतें, हें त्याच्यावांचून दुसरें कोण सांगणार? परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत आधींच पूर्वग्रह ठाण मांडून बसला असेल, तर तें सांगणें वाटेंतच विरून जातें. अमेरिकेंत हा प्रकार निव्वळ तक्रारीवर न सोडतां मोजून पाहण्यांत आला आहे. त्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ६१ डॉक्टर व ४५८ रोगी यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. कृष्णवर्णीय रोग्यांपुढें डॉक्टरांच्या बोलण्याचा वरचष्मा गोऱ्या रोग्यांच्या मानानें २३ टक्क्यांनीं अधिक आढळला, आणि रोग्याच्या अडचणी व शंका ओळखून केलेलें बोलणें ३३ टक्क्यांनीं कमी. स्वरांतील आपुलकीही दोहों बाजूंस उणीच होती.

असे ग्रह शिक्षणानें आपोआप नाहींसे होतात, असें समजणें भोळेपणाचें ठरेल. व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत २२२ गोरे वैद्यकीय विद्यार्थी व शिकाऊ डॉक्टर होते. त्यांपैकीं सुमारें निम्म्यांनीं ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ यासारखी एक तरी खोटी समजूत खरी मानली. अशा समजुती बाळगणारांनीं कृष्णवर्णीयाची वेदना कमी लेखली व उपचारही तितकेसे योग्य सुचविले नाहींत.

रोग्याची बाजूही ध्यानांत घेतली पाहिजे. अलाबामांतील टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत, उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांस ‘तुमचें रक्त बिघडलें आहे’ एवढेंच सांगून खरा रोग लपविण्यांत आला, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही तें त्यांस दिलें नाहीं. ज्या समाजानें हें सोसलें, त्यांतील मनुष्य डॉक्टरापुढें मन मोकळें करण्यास कचरला तर नवल काय? त्याचें मौन पाहून त्याला हेकट ठरविणें सोपें. पण त्यांत गांठ त्याच्या प्राणाशीं असते.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. रोग्याचें बोलणें मध्येंच न तोडणें, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपणें, आणि आपण सांगितलेलें त्याला कसें समजलें हें त्याच्याच तोंडून ऐकणें, एवढें तरी प्रत्येक डॉक्टरास साधण्याजोगें आहे. आपल्या कित्येक घरांतील मुलगे व मुली आज अमेरिकेंत वैद्यकी करीत आहेत. त्यांची खुशाली विचारतांना, ‘आज किती रोग्यांचें बोलणें पुरतें ऐकलेंस?’ हेंही वडील मंडळींनीं अवश्य विचारावें.