कंपनीचें दिवाळें आणि घरधनी

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत पंपांचे सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना होता. हाताखालीं अकरा माणसें. गेल्या श्रावणांत तो सकाळींच आमच्याकडे आला, नमस्कार केला, आणि पुढें ठेवलेला चहा निवून गेला तरी बोलेना. मग म्हणाला, “गुरुजी, कंपनी बुडाली तें समजलें. पण ती ‘मर्यादित’ होती ना? मग मी कां बुडालों?”

प्रश्न कायद्याचा, आणि आम्ही पडलों संस्कृतचे मास्तर! तरी त्याच्यासाठीं जें वाचलें व जाणत्यांना विचारलें, तें येथें देत आहों.

बुडालेल्या पेढीचा धनी भरदिवसां दुकानांत दिवा लावून ठेवी व लोकांनीं काय तें ओळखावें, अशी जुनी चाल सांगतात. त्या काळीं पेढी आणि धनी हे दोन नव्हतेच. लंडनच्या व्हाइटचॅपल भागांतील आरन सॉलोमन नांवाच्या बूट करणाऱ्यानें १८९२ सालीं आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात भागधारक हवे होते. ते घरांतच मिळाले, तो स्वतः, पत्नी, एक कन्या व चार पुत्र. धंदा लवकरच बसला. कंपनी म्हणजेच सॉलोमन, तेव्हां सारें देणें त्यानेंच द्यावें, अशी मागणी झाली. १८९६ सालीं तेथील सरदारसभेनें ती फेटाळली. कंपनी ही कायद्यानें निराळी व्यक्ति, तिचें ऋण तिचें! आपल्याकडेही हेंच तत्त्व चालतें.

मग आमचा विद्यार्थी बुडाला कसा? एका सहीनें. बँक लहान कंपनीला कर्ज देतांना संचालकांची वैयक्तिक हमी मागते; आणि १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, निराळें ठरलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. दिवाळखोरी संहिता २०१६ सालची; तिचीं अशा जामीनदारांविषयींचीं कलमें १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालीं, आणि कंपनीच्या देण्याची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें. घर तारण असलें तर साठ दिवसांच्या नोटिशीनंतर, दावा न लावतां, त्याचा ताबा घेण्याची वाट २००२ च्या कायद्यानें बँकेला मोकळी आहे.

“कागद वाचला होतास का रे?” आम्हीं विचारलें. “पुष्कळ होते, गुरुजी. जेथें पेन्सिलीची फुली, तेथें सही.” (त्याला हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एका सहकाऱ्याला जामीन राहून आमचाही पगार तीन वर्षें कापला गेला आहे.)

खासगी कंपनीला दोन संचालक लागतात. दुसरें नांव सूनबाईंचें. हमीवर त्यांचीही सही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत पतीचें ऋण पत्नीवर व पुत्राचें पित्यावर नाहीं, असें स्पष्ट आहे. मात्र कुटुंबासाठीं काढलेलें ऋण वगळून. आणि स्त्रीनें जें स्वतः कबूल केलें, तें तिनें फेडावें. बँकेचा छापील नमुना या शेवटच्या वचनांत चपखल बसतो! बापाचें ऋण केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसूल करण्याची वाट मात्र, नव्या कर्जांपुरती, २००५ सालच्या दुरुस्तीनें बंद झाली. हें ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा जीव आला. मुलगा बारावींत आहे.

कायद्याच्या पुस्तकांत नाहीं तें त्यानें हळूहळू सांगितलें. कारखान्याला कुलूप लागल्यावरही दोन महिने तो आठाच्या ठोक्याला डबा घेऊन निघत असे आणि नदीकाठीं घाटावर बसून सायंकाळीं परत येई. आईला कळूं नये म्हणून. दिवाळीचा बोनस द्यायला सूनबाईंच्या पाटल्या आधींच गेल्या होत्या. जुना फिटर मंडईंत दिसला कीं हा गल्ली बदली. मागणें त्याचें कांहींच नव्हतें, तरी. भाच्याच्या लग्नालाही गेला नाहीं. देण्याच्या आंकड्यापेक्षां हें लपणेंच त्याला अधिक महाग पडलें, असें आमचें मत आहे. आईला सर्व ठाऊक होतें. डब्यांतली भाजी तशीच परत येते, हें तिला दिसत नव्हतें का?

दिवाणी कायद्याच्या ६० व्या कलमानें जप्तींतून वगळलेल्या वस्तु आम्हीं त्याला वाचून दाखविल्या: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणें स्त्रीला उतरवितां येत नाहीं असा दागिना, कारागिराचीं हत्यारें.

हल्लीं तो दुसऱ्याच्या कारखान्यांत देखरेखीला जातो. बँकेशीं एकरकमी तडजोडीचें बोलणें चालू आहे. परवां खंडेनवमीला आम्ही त्याच्या घरीं गेलों होतों. एरवीं त्याच्या कारखान्यांत सात यंत्रांना हार पडत. यंदा पाटावर एकच मायक्रोमीटर होता. त्याला हळदकुंकू वाहून त्यानें फिटरच्या हातावर पेढा ठेवला. तो बोलावल्यावांचूनच आला होता.