तीन दुकानं, मग गुगलवर एकच का दिसतं?



कपड्यांचं एक दुकान चांगलं चाललं की दुसरं टाकायचं मनात येतं. डिपॉझिट, फर्निचर, माल, दोन-तीन माणसांचे पगार, सगळं जुळवून शाखा सुरू होते. फ्लेक्स लागतात, पेपरातून पॅम्प्लेट जातात. आणि सहा महिन्यांनी मालक म्हणतात, "जुन्या दुकानाच्या नावावर नवीन चालेल असं वाटलं होतं, पण इथल्या लोकांना आपण माहीतच नाही!"

असं का होतं? तुमच्या डोक्यात धंदा एक आणि शाखा तीन. गुगल मॅपच्या हिशोबात मात्र ती तीन वेगळी दुकानं आहेत. पहिल्या दुकानाचे रिव्ह्यू, फोटो, वेळा यातलं काहीच दुसऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होत नाही.

गुगल कुणाला वर दाखवतं?

गुगल स्वतः तीन गोष्टी सांगतं. ग्राहकाने जे शोधलं ते तुमच्याकडे मिळतं का, तुमचं दुकान त्याच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे.

समजा तुमची पुण्यात तीन दुकानं आहेत: लक्ष्मी रोड, कोथरूड आणि चिंचवड. चिंचवडमधली एक ताई मोबाईलवर 'पैठणी शॉप निअर मी' असं शोधते. तुमचं फक्त लक्ष्मी रोडचं प्रोफाइल असेल, तर तिच्या जवळपासची दुसरी दुकानं आधी दिसणार. तुमचं दुकान तिच्या घरापासून दहा मिनिटांवर असूनही!

आता हिशोब करा. चिंचवडच्या गाळ्याचं भाडं तुम्ही कशासाठी भरता? ग्राहकाच्या जवळ राहण्यासाठीच ना? मग जवळ आहात हे गुगलला सांगितलंच नाही, तर त्या भाड्यातला मोठा हिस्सा दर महिन्याला वाया जातोय.

आधी किल्ली कुणाकडे आहे ते बघा

२०२१ च्या शेवटी 'गुगल माय बिझनेस'चं नाव 'गुगल बिझनेस प्रोफाइल' झालं. ते फुकट आहे. पण ते कुणाच्या ईमेलवर उघडलंय? अनेक दुकानांत ते सेल्समनने किंवा मार्केटिंगवाल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. तो काम सोडून गेला की ऐन लग्नसराईत साधी वेळ बदलायचीही पंचाईत होते.

दुकानाची किल्ली आपण कुणाच्याही हातात देत नाही, तसंच इथे करा. धंद्याच्या नावाने एक ईमेल ठेवा. 'प्रायमरी ओनर' तोच. शाखा सांभाळणाऱ्याला 'मॅनेजर' म्हणून जोडा. मॅनेजर फोटो टाकू शकतो, रिव्ह्यूला उत्तर देऊ शकतो. पण प्रोफाइल काढून टाकणं किंवा नवीन माणूस जोडणं त्याच्या हातात नसतं. सगळ्या शाखा एका 'बिझनेस ग्रुप'मध्ये ठेवल्या की एकाच ठिकाणाहून कारभार बघता येतो.

व्हेरिफिकेशनसाठी हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. त्यात तीन गोष्टी दिसू द्या: आजूबाजूचा रस्ता, दुकानाची पाटी आणि दुकान तुमचंच असल्याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडताना किंवा काउंटरवर बिल करताना. १० किंवा जास्त शाखा असतील तर सगळ्यांचं एकत्र व्हेरिफिकेशन मागता येतं. आणि गोडाऊनचं प्रोफाइल करू नका. जिथे ग्राहक प्रत्यक्ष येतो, त्याच जागेला प्रोफाइल मिळतं.

पाटीवर जे नाव, तेच गुगलवर

इथे बरेच जण डोकं चालवतात. नावापुढे 'बेस्ट साडी शॉप इन कोथरूड, लो प्राइस' असं शेपूट जोडतात. हे नियमात बसत नाही. कुणी तक्रार केली तर नाव बदललं जातं, प्रोफाइल बंदही पडू शकतं. तिन्ही शाखांना एकच नाव ठेवा. कोथरूड की चिंचवड, ते पत्ता सांगेल.

शाखा-शाखांत फरक दाखवायचाय ना? त्यासाठी कॅटेगरी आहे. मुख्य कॅटेगरी एक आणि जास्तीच्या नऊपर्यंत निवडता येतात. तिन्ही दुकानांत तोच माल असेल तर मुख्य कॅटेगरी सारखीच ठेवा. पण चिंचवडला फक्त लहान मुलांचे कपडे विकत असाल, तर तिथे 'साडी स्टोअर' लावू नका. ग्राहक साडीसाठी येईल, रिकाम्या हाताने जाईल आणि वर एक स्टार देऊन जाईल.

फोटोंचंही तेच. लक्ष्मी रोडच्या झगमगाटाचे फोटो कोथरूडच्या प्रोफाइलवर नकोत. त्या दुकानाचा दर्शनी भाग, तिथलं ट्रायल रूम, गाडी लावायची जागा, तिथल्या रॅकवर आज असलेला माल हे दाखवा. दर आठवड्याला मोबाईलवर काढलेले चार खरे फोटो पुरेत.

वेळ चुकली की ग्राहक गेला

एका बाजारपेठेत सोमवारी सुट्टी, मॉलमध्ये सातही दिवस चालू, कॉलनीतल्या दुकानाला दुपारची सुट्टी. तिन्हीकडे वेगळ्या वेळा असतील तर तिन्हीकडे वेगळ्याच लिहा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी यांच्यासाठी 'स्पेशल अवर्स' आधीच भरून ठेवा. बस्त्याच्या खरेदीला घरातली आठ माणसं गाडी करून येतात. त्यांना बंद शटर दिसलं तर ते परत येत नाहीत. शेजारच्या दुकानात शिरतात. आणि हे नुकसान तुमच्या कुठल्याच वहीत दिसत नाही.

प्रत्येक शाखेला तिथे उचलला जाणारा फोन नंबर द्या. दुकान हलवलं तर नवीन प्रोफाइल उघडू नका. जुन्याचाच पत्ता बदला, म्हणजे रिव्ह्यू सोबत येतात. शाखा बंद केली तर 'कायमचं बंद' अशी नोंद करा.

वेबसाइट असेल तर प्रत्येक शाखेचं वेगळं पान करा आणि त्या शाखेच्या प्रोफाइलला त्याच पानाची लिंक द्या. प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तीच लिंक छापलेली असेल तर कार्ड बदला.

रिव्ह्यू त्याच दुकानाचा मागा

कोथरूडच्या ग्राहकाला लक्ष्मी रोडच्या प्रोफाइलवर पाठवलंत तर जुनं दुकान मोठं होतं, नवीन तसंच राहतं. प्रत्येक प्रोफाइलमधून रिव्ह्यूचा वेगळा क्यूआर कोड मिळतो. त्या-त्या काउंटरवर तोच लावा. 'पाच स्टार द्या, १० टक्के सूट घ्या' असं मात्र करू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्यापेक्षा खुश झालेल्या ग्राहकाला सरळ म्हणा, "ताई, काय घेतलं आणि कसं वाटलं, दोन ओळी लिहा ना." वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर पुढचे शंभर ग्राहक वाचणार आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ

प्रत्येक शाखेसाठी वहीचं एक पान घ्या. नाव, पत्ता, फोन, वेळा, सुट्टी, कॅटेगरी आणि प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे, एवढं लिहा. मग गुगलवर जे दिसतं ते शेजारी लिहा. जिथे फरक दिसेल, तिथून कामाला लागा. दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक शाखेचे कॉल आणि 'डायरेक्शन' मागणारे किती, हे दोन आकडे प्रोफाइलमधून बघून त्याच पानावर टिपा. बिल करताना ग्राहकाला "आमचं दुकान कसं कळलं?" हेही विचारत जा.

तीन महिन्यांत कुठली शाखा मागे आहे ते तुम्हाला आकड्यांतून दिसेल. चौथं दुकान टाकायचा विचार असेल, तर आधी ही तीन पानं भरा. मग गाळा बघायला जा.