सुट्टीतील ऑनलाईन गणित-कोडिंग शिबिरे आणि खेड्यातील शाळा

मे महिन्याच्या दीर्घ सुट्टीत शालेय मुलांसाठी गणित व कोडिंग यांची ऑनलाईन शिबिरे भरविण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा पडद्यावरील शिक्षण घरोघरी परिचित झाले आणि त्याच वाटेने ही शिबिरेही आली. शहरातील पालक शुल्क भरून मुलांस अशा वर्गांत बसवितात. राधानगरी, शाहूवाडी किंवा गगनबावडा तालुक्यातील एखाद्या वाडीवर मात्र घरात पुष्कळदा एकच मोबाईल असतो, आणि तो वडिलांबरोबर दिवसभर शिवारात किंवा कामावर असतो. साहजिकच खेड्यातील शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहतो की, आपली मुले या नव्या विद्येस मुकणार काय? त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या शिबिरांत मुले वस्तुतः काय शिकतात, हे नीट पाहिले पाहिजे.

कोडिंग म्हणजे एखाद्या कामाची कृती यंत्रास कळेल अशा आज्ञांत, क्रमाने आणि निःसंदिग्धपणे लिहून देणे होय. येथे खरी अडचण यंत्राची नसून निःसंदिग्धपणाची आहे. कोल्हापूर भागातील मुलांस गुऱ्हाळ परिचित असते. "पाक तयार झाला की काहील उतरावी," एवढे सांगणे अनुभवी गुळव्यास पुरते. नवख्या माणसास पुरत नाही. त्यास असे सांगावे लागते : पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकावा, त्याची गोळी वळली तर काहील उतरावी, न वळल्यास थोडा वेळ थांबून पुन्हा थेंब टाकून पाहावा. या तीन वाक्यांत अट आहे, पुनरावृत्ती आहे आणि थांबण्याची खूणही आहे. संगणकाच्या आज्ञावलीचे बहुतेक व्याकरण एवढ्यातच सामावले आहे.

मुलांस हे शिकविण्याची कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' ही मुलांसाठी योजलेली संगणकभाषा तयार केली. तीत एका कासवास 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा देऊन आकृत्या काढवून घेतात. कासव अडले की मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे, असे पेपर्ट सांगत. हा खेळ शाळेच्या अंगणात खडूने सहज खेळता येतो. समभुज त्रिकोणासाठी मूल हटकून "६० अंशांत वळ" अशी आज्ञा देते, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असल्याचे त्याने पाठ केलेले असते. चालणारा मुलगा मात्र त्रिकोणाऐवजी षट्कोन पुरा करून परत येतो. वळावयाचे असते ते १२० अंशांत, हे पायांना कळल्यावर बाह्यकोन निराळा शिकवावा लागत नाही. पुढे २००७ साली 'स्क्रॅच' ही रंगीत ठोकळे जुळवून आज्ञा देण्याची भाषा आली. आजची बहुतेक बालशिबिरे तिच्यावरच चालतात. संगणकावर किंवा टॅबलेटवर एकदा उतरवून घेतल्यावर ती इंटरनेटविनाही चालते, ही गोष्ट खेड्यातील शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

गणित आणि कोडिंग एकत्र कसे शिकवावे, याचे उत्तम उदाहरण मात्र महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनीच देऊन ठेवले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा छंद. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी व चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी. मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे तीच येत राहते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७; ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२; ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४.

वजाबाकीची शंभर उदाहरणे घातली तर मुले कंटाळतात. येथे तीच मुले आपण होऊन उदाहरणे मागतात. परंतु या कृतीचे खरे मोल चूक होते तेथे कळते. एखाद्या मुलाने २१११ घेतली तर २१११ वजा १११२ बरोबर ९९९ येतात. मूल ९९९ लिहिते, ९९९ मधून ९९९ वजा करते आणि शून्य आले म्हणून कापरेकरांचा नियम खोटा ठरविते. संगणकास आज्ञावली लिहून दिली, तर तोही नेमके हेच करतो, कारण ०९९९ मधील आरंभीचे शून्य तो आपण होऊन जपत नाही. मूल व यंत्र एकाच ठिकाणी ठेचकाळतात. उत्तर ०९९९ असे चार घरांत मांडले, की पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा क्रम लागतो. "शून्यास किंमत नाही" असे म्हणत आलेल्या वर्गास स्थानिक किमतीचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण. अशा वेळी शिक्षकांनी चूक तत्काळ पुसून टाकू नये. कोणती आज्ञा अपुरी होती, हे मुलांनीच शोधावे; शिबिरात शिकण्यासारखा भाग जर कोणता असेल तर तो हाच आहे.

मग यंत्राची गरज कोठे लागते? चाळीस मुलांनी चाळीस संख्या तपासल्या म्हणून नियम सर्वत्र खरा ठरत नाही. १००० पासून ९९९९ पर्यंत, सारख्या अंकांच्या ९ संख्या वगळता, ८९९१ संख्या उरतात. त्या सर्व हाताने तपासण्यात सुट्टी सरेल. मुलांनी तयार केलेली निर्दोष आज्ञावली संगणक काही क्षणांत चालवून दाखवितो. म्हणून शाळेत एखादाच संगणक असला तरी बिघडत नाही. दहा दिवसांच्या वर्गात पहिले आठ दिवस वही, खडू व अंगण आणि शेवटचे दोन दिवस संगणक, अशी वाटणी पुरेशी आहे. ऑनलाईन वर्ग लाभत असेल तर मुलांनी तो शाळेत एकत्र बसून पाहावा आणि त्यानंतर पडदा बंद करून तितकाच वेळ वहीत काम करावे. घरी एकेकट्याने लहानशा पडद्यापुढे दोन दोन तास बसण्यापेक्षा हे श्रेयस्कर.

पालकांपैकी काहीजण विचारतील, की सहा-सात वर्षांच्या मुलास कोडिंग न शिकविल्यास ते मागे पडेल काय? तशी भीती घालणाऱ्या काही जाहिराती २०२० साली भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घेण्यात आल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कोडिंगच्या उपक्रमांस सहावीपासूनच्या टप्प्यात स्थान दिले आहे. त्यापूर्वी वजाबाकी व स्वच्छ शब्दांत कृती सांगणे ही दोन्ही पक्की होणे अगत्याचे होय.

तिसरीच्या मुलांस चार अंकी वजाबाकी जड जात असल्यास दोन अंकांनी आरंभ करावा. १७ घेतल्यास ७१ वजा १७ बरोबर ५४. पुढे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. येथे एकच संख्या स्थिर राहत नाही. पाच संख्यांचे चक्र फिरत राहते. "तेच उत्तर लागोपाठ दोनदा आले की थांब," ही चार अंकांसाठी लिहिलेली आज्ञा येथे कधीच लागू पडणार नाही. ती कशी बदलावी, हे मुलांनी पाटीवर लिहून दाखवावे.