तिकीट पक्षाचं, उमेदवार कोणाचा?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये दुसऱ्या क्रमांकाची मतं ‘नोटा’ला पडली. आकडा 2,18,674. भाजपचे शंकर लालवानी 12,26,751 मतं घेऊन निवडून आले, तर बसपच्या उमेदवाराची मजल बावन्न हजारांच्या आतच राहिली. काँग्रेसचा पंजा मतदान यंत्रावर नव्हताच. पक्षानं नवा, तरुण चेहरा म्हणून पुढे केलेले अक्षय कांती बम 29 एप्रिलला, म्हणजे अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, भाजपचे आमदार रमेश मेंदोला यांच्यासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात गेले, अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपच्या गोटात दाखल झाले. थोड्याच वेळात भाजपचे नेते कैलास विजयवर्गीय यांनी बम यांच्यासोबतचा गाडीतला फोटो समाजमाध्यमावर टाकला. मग काँग्रेसनं उरलेला प्रचार ‘नोटा’चा केला. तोवर देशात ‘नोटा’ची सर्वाधिक मतं बिहारमधल्या गोपालगंजच्या नावावर होती, 2019 ची, 51,660.

पर्यायी उमेदवाराची सोय पक्षानं केलेली होती, पण ती कागदावरच राहिली. मोतीसिंह पटेल यांचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की पर्यायी उमेदवाराला पक्षाच्या नावाचा आधार राहत नाही. अपक्ष म्हणून टिकायचं, तर दहा प्रस्तावकांच्या सह्या लागतात आणि त्या अर्जावर नव्हत्या. बम यांच्या माघारीनंतर पटेल उच्च न्यायालयात गेले, पण अर्ज आधीच बाद झाल्यामुळे तिथंही उपयोग झाला नाही. पंचवीस लाखांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघात देशातला सर्वांत जुना पक्ष दहा सह्यांवाचून अडला!

अन्नपूर्णा भागातल्या मराठी घरांमध्ये हा विषय बरेच दिवस चघळला गेला, आणि त्याला कारणही होतं. अन्नपूर्णा मंदिर, सुदामानगर हा सगळा पट्टा इंदूर-4 विधानसभा मतदारसंघात येतो. 1990 मध्ये विजयवर्गीय इथून पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हापासून ही जागा भाजपकडेच आहे. राजकारणी मंडळी तिला भाजपची ‘अयोध्या’ म्हणतात. बम यांनी 2023 मध्ये इथूनच उमेदवारी मागितली होती. ती मिळाली नाही, आणि मालिनी गौड पुन्हा सहज निवडून आल्या. इथला मराठी मतदार बहुतांशी भाजपचा. तरीही बम यांच्या माघारीनंतर सुमित्रा महाजन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. भाजपचा विजय ठरलेलाच असताना असं काही करण्याची गरज नव्हती आणि आपल्याला लोकांचे नाराजीचे फोन येत आहेत, अशा आशयाचं त्या बोलल्या. इंदूरमधून आठ वेळा निवडून गेलेल्या ताईंचं हे म्हणणं. त्यामुळे त्याला विरोधकांचं रडगाणं म्हणण्याची सोय नव्हती.

ताईंची स्वतःची सुरुवातही विरोधी पक्षाच्या उमेदवार म्हणूनच झाली, हे आज विशी-पंचविशीतल्या इंदूरकरांना सांगावं लागतं. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदूरला आली. 1982 मध्ये नगरसेविका झाली, इंदूरच्या बोलीत पार्षद. पुढे त्या उपमहापौर झाल्या. 1985 ची विधानसभा लढवली आणि हरल्या. 1989 मध्ये भाजपनं त्यांना लोकसभेला उभं केलं, तेव्हा समोर होते प्रकाशचंद्र सेठी. माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. ताईंनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी पाडलं. हा चमत्कार वाटतो खरा. पण त्याआधीची सात वर्षं वॉर्डात, नळाच्या आणि गटाराच्या तक्रारींत गेलेली होती, आणि मधे एक पराभवही पचवलेला होता.

याहून बोलकं उदाहरण त्याच्याही आधीचं आहे. होमी दाजी. पारशी, कम्युनिस्ट, गिरणी कामगारांचे पुढारी. काँग्रेसचा दबदबा देशभर असताना, 1957 मध्ये, तिशीतच ते इंदूरमधून आमदार झाले. 1962 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. त्यांनी हरवलेले रामसिंहभाई वर्मा हेही कामगार नेतेच, पण काँग्रेसच्या इंटकचे. म्हणजे ही लढत मुळात गिरण्यांच्या फाटकांवर लढली गेलेली. हुकुमचंद मिल, मालवा मिल अशा गिरण्यांतल्या कामगारांसाठी दाजी हे निवडणुकीपुरते आलेले पाहुणे नव्हते. पगार, बोनस, कामावरून काढलेला माणूस, या भांडणांत त्यांना वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. 1967 मध्ये सेठींनी दाजींना हरवलं. 1972 मध्ये दाजी पुन्हा विधानसभेत आले. पराभवानंतर ते कुठं गेले नाहीत, कारण त्यांना उभं करणारी माणसंही कुठं गेली नव्हती. ती पाळीचा भोंगा झाला की त्याच फाटकातून आत जात होती. हुकुमचंद मिल 1991 च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकलेली देणी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. गिरण्या गेल्या, तसा शहरातल्या विरोधकांचा हा पायाही गेला. काँग्रेसला त्याच्या जागी दुसरा उभारता आलेला नाही, हे तिच्या समर्थकांनीही मान्य करायला हरकत नाही.

महापालिकेचा हिशेब पाहिला की हे जास्त स्पष्ट होतं. 2000 पासून इंदूरचा महापौर सलग भाजपचा आहे. त्यात कृष्णमुरारी मोघे हे मराठी गृहस्थही आले, जे 2009 च्या अखेरीस काँग्रेसच्या पंकज संघवींविरुद्ध जेमतेम निभावले होते. जुलै 2022 मध्ये पुष्यमित्र भार्गव यांनी काँग्रेसचे संजय शुक्ला यांना एक लाख तीस हजारांहून अधिक मतांनी हरवलं. 85 वॉर्डांपैकी 64 भाजपकडे गेले, 19 काँग्रेसकडे. आणि शुक्ला? मार्च 2024 मध्ये तेही भाजपमध्ये गेले. दोन वर्षांत मुख्य विरोधी पक्षाचे दोन मोठे उमेदवार सत्ताधाऱ्यांकडे गेल्यावर, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली फिरलेल्या पोरांनी शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं?

मध्य प्रदेशातल्याच छिंदवाड्याची गोष्ट तर थेट सिनेमात शोभेल अशी. 2022 मध्येच तिथं काँग्रेसचे विक्रम अहाके महापौर झाले. वय तिशीच्या आसपास, आई अंगणवाडी कार्यकर्ती, वडील शेतकरी. एप्रिल 2024 च्या सुरुवातीला ते भाजपमध्ये गेले आणि 19 एप्रिलला, ऐन मतदानाच्या दिवशी, चित्रफीत काढून त्यांनी काँग्रेसच्या नकुलनाथांना मत द्या म्हणून सांगितलं. नकुलनाथ हरले ते हरलेच. तरुण असणं हा टिकून राहण्याचा पुरावा नव्हे, एवढं यातून कळतं.

मग अशा शहरात तरुण विरोधी उमेदवाराला पाठिंबा द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? सभेला गर्दी आणि व्हॉट्सॲपवर फोटो, हे सगळ्यात सोपं. खरं काम मतदार यादीत असतं. 2011 च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती. 85 वॉर्डांत वाटली तर एका वॉर्डाला तेवीस हजारांवर माणसं येतात. यादीतलं कोण वारलं, कोण मुलाकडे पुण्याला गेलं, कोणाचं नाव दोनदा आलं, हे घरोघर जाऊन लाल पेनानं खुणावणारा एखादा निवृत्त बँकवाला दहा भाषणांपेक्षा कामाचा. सत्ताधाऱ्यांकडे यादीच्या पानापानाला ‘पन्ना प्रमुख’ नेमलेला असतो. विरोधकाकडे बऱ्याचदा अख्ख्या वॉर्डाला दोन माणसं.

त्यानंतर बूथ. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होतं, यंत्र रिकामं करून दाखवलं जातं, सील लागतं, सह्या होतात. त्या भल्या पहाटेपासून वॉर्डातल्या वीस-पंचवीस बूथांवर दिवसभर बसून राहणारी माणसं ज्याच्याकडे नाहीत, त्याला तक्रार करायलाही साक्षीदार उरत नाही. इंदूरसारख्या शहरात नगरसेवकपदाच्या उमेदवाराला 2022 मध्ये खर्चाची मर्यादा 8 लाख 75 हजारांची होती. बूथवर बसणारी माणसं फुकट मिळाली तरच नवख्या उमेदवाराचा पैसा पत्रकं, रिक्षा आणि चहापाण्यापर्यंत पुरतो.

आणि उमेदवारच न उरला तर? महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं की ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर ती निवडणूक नव्यानं घ्यायची. लोकसभेला तशी तरतूद नाही. त्यामुळे इंदूरची ‘नोटा’ची दोन लाख अठरा हजारांवर मतं मोजली गेली, छापून आली आणि लालवानींचं मताधिक्य 11,75,092 लिहिताना हिशेबात धरलीच गेली नाहीत. ते बसपच्या उमेदवाराशी तुलना करून काढलं गेलं. महापालिकेची मुदत 2027 मध्ये संपते. सुदामानगरातल्या एखाद्या पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला विरोधी पक्षाकडून उभं राहायचं असेल, तर नगरसेवकपदासाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, आणि यादी तपासायला तिकिटाची वाट पाहावी लागत नाही.